खाडा धरायचा कुणाचा?

मराठी घरात हिशेबाचं एकच शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे: खाडा. दूधवाला आला नाही, खाडा. पेपर आला नाही, खाडा. भांडीवाल्या मावशी भाचीच्या बारशाला गेल्या, खाडा. त्यासाठी 1973 सालापासून कालनिर्णय भिंतीवर टांगलेलं आहे. मागच्या पानावरचे लेख लोक वाचतील तेव्हा वाचतील, पुढच्या चौकोनात फुली मात्र त्याच दिवशी पडते. महिनाअखेर फुल्या मोजायच्या, गुणायचं, वजा करायचं, आणि दूधवाल्याला 'एकतीस तारखेला तुम्ही आला नव्हता' असं सांगताना चेहरा सरळ ठेवायचा. या शास्त्रात लहानाच्या मोठ्या झालेल्या माणसाला 'तुमचं मूल पाळणाघरात आलं नाही त्या दिवसाचेही पैसे पडतील' असं सांगून बघा. तो पैसे देईल कदाचित, पण तुमच्याकडं बघण्याची त्याची नजर कायमची बदलेल.

आमच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालतं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, त्यामुळं पत्ता सांगायला सोपा. तरी इथं नंबर देत नाही, कारण सध्या जागा शिल्लक नाही. चालवते आमची ही. गल्ली तिला काकू म्हणते, आणि काकूंचा नवरा म्हणून मी काका. सहकारी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा हिनं एक दोनशे पानी वही माझ्यापुढं टाकली. "आता हे तुम्ही बघा. मला पैसे मागायला जमत नाही."

वही उघडली. पोरांची नावं कुठंच नव्हती. 'टोपीवाला – जमा.' 'नर्सबाईंची – निम्मे आले.' 'चावणारा – मार्च बाकी.' त्याखाली 'चावणारा, धाकटा – मार्च, एप्रिल बाकी.' एका ओळीत नुसतं 'रडका' होतं आणि पुढं प्रश्नचिन्ह. बँकेत 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीएत जातं. त्या मापानं हिच्या वहीतली निम्मी बाळं एनपीए होती, आणि रोज सकाळी दात न घासता येऊन वरणभात खात होती.

पालक वाईट आहेत असं कुणी समजू नये. सगळे घाईत असतात, एवढंच. आमच्या भागात दवाखाने खंडीभर, म्हणून नर्सबाया. मेन रोडवरच्या दुकानांत काम करणाऱ्या पोरी. क्लासचे सर. एक जोडपं विद्यापीठात, एक जण गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टला. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, आणि 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथं मालकानं पाळणाघराची सोय करावी, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाऊ द्यावं, असं ठरलं. कायदा उत्तम आहे. फक्त राजारामपुरीच्या मेन रोडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा आणि 50 माणसं कामाला असलेलं दुकान दाखवा. कापडाच्या दुकानात सहा, दवाखान्यात आठ, आणि क्लासमध्ये सर धरून तीन. पन्नासाच्या वरच्यांना कायदा आहे, खालच्यांना काकू आहेत.

आता हिशेबाची गोष्ट. फी महिना 3,000 धरा. (खरी सांगत नाही, वाढवायची आहे.) एक पोरगं पाच दिवस आलं नाही. बाप एका कारखान्यात अकाउंट्सला. त्यानं उभ्या उभ्या हिशेब केला, "काका, कामाचे दिवस 25. म्हणजे दिवसाला 120. पाचाचे 600 वजा करतो." बरं म्हटलं. पुढच्या महिन्यात घरी लग्नाची खरेदी निघाली आणि त्याच पोराला दोन रविवार आमच्याकडं ठेवावं लागलं. पुन्हा उभ्या उभ्या हिशेब, "महिन्याचे दिवस 30. दिवसाला 100. दोनशे जादा झाले की." म्हणजे पोरगं आलं तर दिवस शंभराचा आणि नाही आलं तर एकशेवीसचा! बँकेत मी सरळव्याज पाहिलं, चक्रवाढ पाहिलं, घटत्या शिलकीवरचं पाहिलं. गैरहजेरीवर वीस टक्के पहिल्यांदाच पाहिलं. फेब्रुवारीत हाच गृहस्थ 28 दिवसांचं काय, असं विचारून गेला.

मी त्याला समजावलं. पाळणाघरातल्या मावशींचा पगार आम्ही पोरं मोजून देत नाही. तुमचं पोरगं आलं नाही म्हणून त्या निम्मी फरशी पुसत नाहीत. वरणाचा गॅस दहा पोरांना तोच आणि नऊ पोरांना तोच. त्याच्या कोपऱ्यातली गादी रिकामी राहिली तरी तिथं त्या दिवसापुरतं दुसरं बाळ आणून निजवता येत नाही. तुम्ही शाळेला दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीची फी देता का नाही? "देतो की," तो म्हणाला, "पण ती शाळा आहे. तुम्ही घरचे."

घरचे! सगळा घोळ या एका शब्दापाशी येऊन थांबतो. फी देताना आम्ही घरचे, आणि पोराच्या गुडघ्याला खरचटलं की आम्ही संस्था. तेव्हा मात्र 'काकू, तुमच्याकडं लक्ष कोण देतं?' हे अगदी व्यवस्थापनाला विचारावं तसं विचारलं जातं.

(हे सगळं बोलणं ज्या भिंतीपाशी चाललं होतं तिथल्या कालनिर्णयात आमच्या स्वतःच्या दुधाच्या चार फुल्या होत्या. मी तिकडं पाठ करून बसलो होतो.)

आणि हे कोल्हापुरात व्हावं, याचं मला जास्त वाटतं. 1917 साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा नियम असा होता, की पोराला शाळेत पाठवलं नाही तर बापाला महिना एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया! फी नाही, पण खाडा केलात तर पैसे टाका. त्यांच्या मुलाचं, राजाराम महाराजांचं नाव ज्या वसाहतीला आहे, तिथं शंभर वर्षांनी पोराला न पाठवणारा बाप दंड द्यायचं सोडाच, उलट माझ्याकडून सहाशे परत मागतो. मी हा इतिहास त्या अकाउंट्सवाल्याला ऐकवला. तो म्हणाला, "महाराजांचं बरोबरच होतं. पण ते काय जेवण देत नव्हते."

बरं, कोल्हापुरात पोरगं न येण्याची कारणं तरी किती असावीत? आषाढ लागला की टेंबलाईची यात्रा. मंगळवार आला, शुक्रवार आला की पंचगंगेचं नवं पाणी कलशात घेऊन 'पी ढबाक'च्या तालावर कुठल्या ना कुठल्या गल्लीची मिरवणूक निघते. मग दुपारी मटण, आणि मटणानंतर बापही कामावर जात नाही तर पोरगं कुठलं पाळणाघरात येतंय? चैत्रात जोतिबा. मधेच कुणाच्या तरी गावची म्हाई, म्हणजे गावजत्रा. ती कधी असते हे गावाबाहेरच्या माणसाला आगाऊ कळत नाही, दुसऱ्या दिवशी डबा आला की कळतं. मामाच्या गावाला गुऱ्हाळ लागलं. आजोबांना सोडायला कागलला गेलो. एक आई तर म्हणाली, "काकू, काल थंडी लई हुती, पोरगं उठलंच न्हाई, मग मीच रजा टाकली आणि आमी दोघं झोपलो." हे कारण मला सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. खाडा द्यावा असंही वाटलं.

पाऊस हा तर वेगळाच खातेविभाग. जुलैत सगळं शहर पंचगंगेची पातळी बघत असतं. राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आमच्याकडं चार वर्षांच्या पोरालाही पाठ. पाणी वाढलं की शाळांना सुट्टी जाहीर होते, आणि ज्या दिवशी शाळा बंद त्या दिवशी आमच्याकडची हजेरी दुप्पट. "काकू, आज शाळा न्हाई, दादाला पण ठेवून जातो हं, मी पळतो, बस चुकंल," असं म्हणत एक आई छत्री न मिटताच गेली. दादा तिसरीत. तो दिवसभर पाळण्यांना धक्के देत 'फुटबोर्डवर उभं राहू नका' म्हणून ओरडत होता. धाकट्याचे खाडे धरायला विसर पडत नाही. दादाचा तो दिवस कुठल्या खात्यात लिहायचा हे कुणी विचारत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये मात्र खाड्याचं शास्त्रच बुडालं. महापूर आला. शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहरात दूध, पेट्रोल, गॅस सगळ्याचीच ओढाताण झाली. राजारामपुरी उंचावर, म्हणून आमच्याकडं पाणी नाही. पण शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडचे, व्हीनस कॉर्नरकडचे लोक घरं सोडून नातेवाइकांकडं आले होते. पाळणाघर उघडं होतं. पोरं येऊ शकत नव्हती. जी येत होती ती आमची नव्हतीच. कुणाच्या मावसबहिणीचं, कुणाच्या भाडेकरूचं. हिनं कुणालाही नाही म्हटलं नाही आणि वहीत एक ओळसुद्धा लिहिली नाही. महिन्याच्या शेवटी दोघा-तिघांनी पूर्ण पैसे दिले, एकानं भीत भीत विचारलं, "काकू, या महिन्याचं कसं?" आणि ही म्हणाली, "पुराचा खाडा पंचगंगेकडं मागा." पैसे मात्र तिनं त्याच्याकडून घेतले नाहीत. पुढच्या वर्षी टाळेबंदीत तर दारंच बंद झाली, तेव्हा काही पालक आपणहून निम्मी फी पाठवत राहिले. मावशींचा पगार त्यातूनच निघाला. म्हणून म्हणतो, माणसं वाईट नाहीत. मोठ्या संकटात ती हिशेब सोडतात. सर्दीखोकल्यात सोडत नाहीत.

सर्दीखोकला हाच खरा अवघड पेपर. आजारी पोराला पाठवू नका म्हणून आम्ही हात जोडून सांगतो. पण न आल्याचे पैसे कापले नाहीत, तर आई म्हणते पैसे भरलेत ना, मग ठेवतोच. आणि कापले तर काकूंचं नुकसान. मग मधला मार्ग निघतो. सकाळी साडेआठला पोराला तापाचं औषध पाजायचं आणि नऊला हसत हसत हवाली करायचं. 'थोडीशी सर्दी आहे फक्त.' त्या औषधाचा अंमल चार-सहा तास. एकच्या सुमाराला, वरणभाताच्या वेळी, पोराचं कपाळ तापतं आणि आईचा फोन बंद लागतो. पावसाळ्यात हाता-पायावर, तोंडात फोड आणणारी ती साथ आली होती तेव्हा एका पोरानं आणली आणि आठवड्यात ती आमच्या खोलीतल्या सगळ्यांना वाटून झाली. शेवटी सगळेच गैरहजर, आणि सगळ्यांचेच खाडे! ज्यानं साथ आणली त्याचा बाप सगळ्यांच्या आधी विचारायला आला. चावणाऱ्याचाच.

उशिराचं प्रकरण तर हैफापर्यंत पोचलेलं आहे. आमची वेळ सातपर्यंत. सातचे साडेसात, आठ होऊ लागले. कारणं चढत्या क्रमानं सबळ. ट्रॅफिक. मीटिंग. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी यांची फुटबॉल मॅच टायब्रेकरवर गेली. हे शेवटचं कारण ऐकून मीच बापाला आत बोलावून कोण जिंकलं ते विचारलं, आणि पोरगं आणखी अर्धा तास राहिलं. मग दंड लावला: सातनंतर दर अर्ध्या तासाला 50 रुपये. पहिल्या आठवड्यात सगळे वेळेवर. दुसऱ्या आठवड्यापासून फोन येऊ लागले, "काकू, आज शंभरचं करा." आधी उशीर झाला की आई दारातून कान धरत यायची. आता भाजी घेऊन, पार्लरला जाऊन, निवांत. दंडाची फी झाली.

इस्रायलमधल्या हैफा शहरात याचा चक्क अभ्यास झालेला आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांचा निबंध 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी तिथली 10 पाळणाघरं घेतली, त्यांतल्या 6 ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशिराला 10 शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायचा तो जवळपास दुप्पट झाला. दंड काढून टाकला, तरी वाढलेला उशीर तसाच राहिला. भिडेचे एकदा पैसे ठरले, की भीड परत येत नाही. हैफातल्या काकूंनी त्यावर काय केलं, ते त्या निबंधात नाही. आमच्या हिनं केलं ते सांगतो. तिनं दंड रद्द केला आणि सात वाजून पाच मिनिटांनी पोराला बूट घालून, दप्तर अडकवून, फाटकापाशी कट्ट्यावर बसवायला सुरुवात केली. शेजारी स्वतः बसायची. गल्लीतली जाणारी येणारी प्रत्येक बाई थांबायची. "हे अजून हितंच? कुणाचं हो?" तिसऱ्या दिवशी ही बातमी एका सासूबाईंपर्यंत पोचली. त्या पोराची आई त्यानंतर पावणेसातला येते. हा उपाय हैफात लागू पडणार नाही, तिथं राजारामपुरीसारख्या सासवा नसाव्यात.

पुढं पालकांसाठी नियमांचा कागद केला, त्यात काकूंच्या रजेचं कलम मी हट्टानं घातलं. आजवर हिला ताप येत नव्हता. म्हणजे यायचा, पण जाहीर होत नव्हता. एकदा भाच्याच्या लग्नाला दोन दिवस जायचं ठरलं, पंधरा दिवस आधी सगळ्यांना सांगितलं. तरी पहिल्या दिवशी सकाळी दारात तिघी उभ्या. "आमाला वाटलं, काका असतील." त्या दिवशी एका दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ड्यूटी बदलून घेतली, क्लासच्या सरांनी पोराला पहिल्या बाकावर बसवून काटकोन त्रिकोण शिकवला, आणि विद्यापीठातल्या जोडप्यानं अर्धा-अर्धा दिवस रजा वाटून घेतली. दोन दिवसांनी आलो, तर पहिला प्रश्न: या दोन दिवसांचे कापायचे ना, काकू? ही लग्नातले लाडू वाटत होती. लाडू देता देता म्हणाली, "कापा की." आणि मी आतून ओरडलो, "मग लाडूही परत द्या!"

पैसे येण्याचेही प्रकार. फोन पे आल्यापासून उधारीला 'सर्व्हर डाऊन' हे नवं नाव मिळालं, इतकंच. काही जण पैशांऐवजी पिकानं देतात. थंडीत काकवीची किटली येते, गुळाची ढेप येते, शेंगांचं पोतं येतं. एका बापानं दोन महिने फी दिली नाही, पण म्हाईचा तांबडा-पांढरा डबा भरून पाठवला. आता रिकामा डबा परत कसा द्यायचा? हिनं त्यात पुरणपोळ्या घातल्या. हिशेबाअंती फी त्याच्याकडं बाकी, आणि पोळ्या आमच्याकडून जादा.

शेवटी मी कागद केला. फी महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ. महिन्याची फी ही जागेची. पोरगं आलं, नाही आलं, तीच. सलग पंधरा दिवस बाहेरगावी आणि आधी कळवलं असेल, तर निम्मी. चोवीस तास औषधाशिवाय ताप नसेल तरच आणायचं. काकूंच्या वर्षाला बारा सुट्ट्या, त्यांचे पैसे कापायचे नाहीत. दादा-ताईचे वेगळे पैसे. दोन भावंडं असली तर धाकट्याला निम्मी. पूर आल्यास हा कागद लागू नाही. हे शेवटचं वाक्य हिनं घालायला लावलं. कागद लॅमिनेट करून दाराला लावला. पालकांनी त्याचा फोटो काढला, वाचला नसावा. कारण दुसऱ्याच दिवशी अकाउंट्सवाला 'बारा सुट्ट्यांना भागायचं कशानं' असं विचारायला आला.

गेल्या आठवड्यात एक बाई आली, सहावा महिना. तिनं मात्र कागद शेवटपर्यंत वाचला. रजा 26 आठवडे, त्यातले 8 आधी घेता येतात, तेव्हा अमुक महिन्यात बाळ आणीन, जागा धरून ठेवा, म्हणाली. ही म्हणाली, "जागा धरायची तर निम्मी फी आत्तापासून." बाई हसली. "अवो काकू, त्ये अजून जन्माला न्हाई आलं. जन्माला यायच्या आधीच खाडं?" मी बोटानं कागदावरची ओळ दाखवली: फी जागेची. बाईनं जरा विचार केला, फोन काढला, पैसे पाठवले, सर्व्हर डाऊन नव्हता. फाटकापर्यंत गेली आणि परत आली.

"काका, सोनोग्राफीत दोन दिसत्यात. भावंडांची सवलत धरली न्हवं?"

सवलत आहे, पण ती धाकट्याला. दोघांतलं धाकटं कोण, हे जन्मल्यावरच कळणार. तोवर पूर्ण फी घ्यावी असं माझं मत. बाईचं मत, दोन्ही धाकटीच धरावीत.